कोपनहेगन सोडताना क्रोनर बदलणार असाल तर

डिसेंबर 2024 मध्ये आम्ही कोपनहेगनमधला मुक्काम हलवून पुण्याला निघालो. बँकेचं खातं बंद झालं होतं. शेवटच्या आठवड्यात शेजारच्या आजींनी आमचा सोफा, जेवणाचं टेबल आणि दोन सायकली घेतल्या आणि कपाटातून रोख काढून दिली: 1000 क्रोनरच्या (हे डेन्मार्कचं चलन) चार नोटा आणि शास्त्रज्ञ नील्स बोरचा चेहरा असलेल्या 500 च्या तीन जुन्या नोटा.

भारतीयांच्या ग्रुपवर एक जण ‘उरलेल्या आणि बंद होणाऱ्या नोटा-नाणी रोखीने घेतो’ असं टाकायचा. फोन केला तर मराठीच निघाला. नोरेपोर्ट स्टेशनजवळच्या कॅफेत भेटायचं ठरलं.

त्याने आधी नाण्यांचा डबा मागितला. त्यात घरमालकाच्या काळातली 25 ओरची (100 ओर म्हणजे एक क्रोनर) बरीच नाणी होती. ती 2008 मध्येच बाद झालेली, बदलून घ्यायची मुदतही 2011 मध्ये संपलेली. तरी त्याने त्यांचे पैसे दिले! वर म्हणाला, "वहिनी, यांची किंमत खरं तर शून्य. पण आपल्या माणसाशी कसली घासाघीस?" ते चाळीसेक क्रोनर म्हणजे गळाला लावलेलं गांडूळ होतं.

मग नोटा. म्हणाला, "हजाराची नोट सरकारने बंद केलीय, दुकानदार हात लावत नाहीत, मी 65 टक्के देतो." आणि बोरची? "ती कधीच मेली हो. टाकूनच द्याल, त्यापेक्षा माझ्या एका संग्राहक मित्राला देतो." 4000 चे 2600 हातात आले, 1500 फुकट गेले.

डेन्मार्कच्या नॅशनल बँकेने नोव्हेंबर 2023 मध्येच जाहीर केलं होतं: हजाराची नोट आणि पुलांच्या चित्रांच्या मालिकेआधीच्या सगळ्या नोटा 31 मे 2025 पर्यंत चालतील. म्हणजे त्या दिवशी आमची प्रत्येक नोट पूर्ण किमतीची होती. खातं असलेल्या कुणालाही ती बँकेत भरता आली असती, आणि त्यानेही बहुधा तेच केलं. निरोपाच्या जेवणाला ह्यांचा एक डॅनिश सहकारी सहज म्हणाला, "बोरच्या नोटा? मी गेल्याच आठवड्यात खात्यात भरल्या." आमचे एकूण 2900 क्रोनर गेले होते, म्हणजे चौतीस-पस्तीस हजार रुपये. त्या माणसाचा नंबर तेव्हापासून लागत नाही. पावती नाही, नावही खरं होतं की नाही देव जाणे.

आता ती मुदत उलटून गेली आहे. पुलांच्या चित्रांच्या 50, 100, 200 आणि 500 च्या नोटा चालतात, 50 ओरपासून 20 क्रोनरपर्यंतची नाणीही चालतात. ती निघण्याआधी सुपरमार्केटमध्ये खर्च करा किंवा तिथे राहणाऱ्या ओळखीच्या माणसाला द्या. पुण्या-मुंबईतले मनी चेंजर नाणी सहसा घेत नाहीत.

हल्ली उलटा प्रकार सुरू झालाय. बाद झालेली हजाराची नोट ‘ओळखीने’ बदलून देतो, आधी प्रोसेसिंग फी पाठवा, असा मेसेज आमच्या एका मैत्रिणीला आला. तिने तो मला पाठवला आणि नंबर ब्लॉक केला.