बायोसिरॅमिक रूट कॅनाल: जादा पैसे नेमके कशाचे?

रूट कॅनालचा खर्च सांगताना हल्ली काही क्लिनिकांत 'बायोसिरॅमिक' हा महाग पर्याय पुढे येतो. त्यात बदलतो तो फक्त सीलर, म्हणजे मुळातली पोकळ नळी (कॅनाल) भरणाऱ्या रबरासारख्या गटापर्चाची काडी आणि मुळाची भिंत यांच्यातली फट बुजवणारं लुकण.

लुकण चांगलं आहे. कॅल्शियम सिलिकेटचं हे मिश्रण दातातल्याच ओलाव्यावर घट्ट होतं, फारसं आकसत नाही, मुळाच्या टोकाबाहेर किंचित गेलं तरी सहसा त्रास देत नाही. म्हणून मापाची एकच काडी बसवून काम भागतं. इपॉक्सी रेझिनच्या नेहमीच्या सीलरबरोबर सहसा करतात तसं बाजूने बारीक काड्या ठासत बसावं लागत नाही. वेळ वाचतो, पण तो डॉक्टरांचा.

बिघडतं ते वापरताना. पेपर पॉइंटने, म्हणजे कागदाच्या शोषक काडीने, कॅनाल ठणठणीत कोरडा केला, तर सीलर नीट घट्ट होत नाही. लंबगोल कॅनालमध्ये गोल काडी घातली, की कडेला नुसत्या सीलरचा जाड थर उरतो. आणि काडी टोकापर्यंत पोचली नसेल, तर पुन्हा उघडताना खरी पंचाईत: गटापर्चा विरघळवता येतो, हा सीलर जवळजवळ नाही.

दीर्घकाळाचं म्हणाल, तर 1990 साली प्रसिद्ध झालेला स्वीडनमधला 8 ते 10 वर्षांचा पाठपुरावा आजही बोलका आहे. एक्स-रेत मुळाशी जंतुसंसर्गाचा डाग नसलेले सुमारे 96 टक्के दात बरे राहिले, डाग असलेले 86 टक्के. डाग असून दुसऱ्यांदा रूट कॅनाल केलेले जेमतेम 62. हे सगळं बायोसिरॅमिक येण्याआधीचं. उलट 2004च्या सुमारास 'एकसंध भरण' म्हणून गाजलेलं रेझिलॉन हे गटापर्चाऐवजी वापरायचं साहित्य पुढे दाताच्या मुळात असतानाच विघटित होऊ लागलं आणि बाजारातून गेलं.

पैसे मोजायचेच तर आधी रबर डॅम (दात लाळेपासून वेगळा ठेवणारा रबरी पडदा), जंतू मारायला भरपूर हायपोक्लोराइट, शेवटी भिंतीवरचा चिकट थर काढायला मिनिटभर 17 टक्के ईडीटीए आणि वरच्या पहिल्या दाढेतला हमखास निसटणारा चौथा कॅनाल शोधणारा मायक्रोस्कोप यांसाठी मोजा. भरण एक्स-रेत मुळाच्या टोकापासून 2 मिलिमीटरच्या आत हवं, बाहेर नको. दाढेवर कॅपही लगेच बसवून घ्या. तात्पुरत्या सिमेंटवर महिनोन्‌महिने काढले, तर लाळ झिरपून महागडा सीलरही वाया जातो.

हे सगळं होत असेल, तर वरचे थोडे पैसे द्यायला हरकत नाही. रबर डॅमच नसेल, तर देऊ नका.