डोंगरवाटेवर सायकलला कोणती घंटी: अंगठ्याची की सतत वाजणारी?

रविवारी सकाळी नाशिकजवळच्या चामर लेणीच्या पायथ्याशी किंवा अंजनेरीच्या वाटेवर चालणारे जास्त, सायकली कमी. वाटेवर पहिला हक्क चालणाऱ्यांचा, यात वाद नाही. प्रश्न आहे तो मागून येताना त्यांना कळवायचं कसं याचा.

चढावर नुसती हाक पुरते, कारण तिथे सायकल चालण्याच्याच वेगाने जाते. उतारावर मात्र ‘डावीकडून येतोय’ म्हटलं की माणूस नेमका डावीकडे सरकतो. म्हणून बाजू सांगूच नये. ‘काका, मागून सायकल आहे’ एवढंच म्हणावं आणि ते सरकतील त्याच्या उलट बाजूने जावं.

अंगठ्याने वाजवायची पितळी घंटी आवाजाला गोड आणि हवी तेव्हाच वाजते. सपाट कच्च्या रस्त्याला तीच बरी. उजवीकडे गिअरचा खटका असतो, म्हणून ती डावीकडे बसवावी. पण जिथे तिची खरी गरज, तिथेच ती वाजवता येत नाही. सुट्या मुरमाच्या वळणावर दोन बोटं ब्रेकवर असतात आणि अंगठ्याने मूठ आवळलेली असते. अंगठा सोडला आणि चाक दगडावर आपटलं की हँडल हातातून फिरतं. त्यामुळे घंटी वाजते ती वळण संपल्यावर, माणसं दहा पावलांवर आलेली असताना. मग घोळक्यात कडेने चालणाऱ्या ताई दचकून मैत्रिणीच्या बाजूला धावतात, म्हणजे थेट चाकासमोर. माझ्यापुरता निकाल इथेच लागला.

सतत वाजणाऱ्या घंटीचा लोलक मोकळा सोडला की दणक्यांनी ती आपोआप किणकिणते, खटका दाबला की गप्प. आवाज लांबून हळूहळू वाढत येतो आणि माणसं सावकाश वळून बघतात. काहींना गुरं येताहेत असं वाटतं, तरी वळतात हे महत्त्वाचं. दोष आहेतच. डांबरावर ती जवळजवळ मुकी होते, पावसाळ्यात लोलकाभोवती चिखल साचला की आवाज बसतो, आणि पाच जणांनी एकदम वाजवली तर डोंगरावर नुसता गोंगाट. गटात पहिल्यानेच ती सुरू ठेवावी आणि मागे अजून कितीजण आहेत ते तोंडाने सांगावं. अंजनेरीच्या कड्यांवर गिधाडं घरटी करतात, तिथे वाट रिकामी दिसली की खटका दाबावा.

कधीमधी डोंगरावर जाणाऱ्याला कदाचित अंगठ्याची घंटी पुरेल. सुट्टीच्या गर्दीतून उतरायचं असेल तर मात्र सतत वाजणारीच घ्या, असं मी म्हणेन. घंटी कोणतीही असो, माणसांजवळ वेग चालण्याइतकाच ठेवावा. वाट अरुंद असेल तर पाय टेकून त्यांना आधी जाऊ द्यावं.