लुकलुकणारा मॉनिटर आणि मारुती मंदिराजवळचे दुरुस्तीचे दुकान

रत्नागिरीत मारुती मंदिर परिसरात संगणक दुरुस्तीचे जे लहानसे दुकान आहे, तेथे मी गेल्या पावसाळ्यात माझा 24 इंची मॉनिटर दुरुस्तीस दिला होता. त्या कामाबद्दल मी समाधानी आहे, मात्र दुकानाच्या व्यवहाराबद्दल माझ्या दोन तक्रारीही आहेत.

माझे घर मिऱ्या येथे, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर असून मुद्रितशोधनाचे काम मी घरूनच करतो. सकाळी मॉनिटर सुरू केला की पहिली दहा-पंधरा मिनिटे पडदा लुकलुकत असे आणि यंत्र तापले की तो हळूहळू स्थिर होई. प्रथम मी केबल बदलली आणि रिफ्रेश रेट (पडद्यावरचे चित्र सेकंदाला किती वेळा नव्याने उमटते तो दर) 60 हर्ट्झवरच असल्याची खात्री केली. मग टास्क मॅनेजर, म्हणजे संगणकात काय काय चालू आहे ते दाखवणारी विंडोजची खिडकी, उघडून पाहिला. विंडोजमध्ये टास्क मॅनेजरसह सगळाच पडदा लुकलुकत असेल तर संशय बहुधा डिस्प्ले ड्रायव्हरवर (पडद्यावर चित्र दाखवण्याचे काम सांभाळणाऱ्या प्रणालीवर) घ्यावा आणि तो वगळता बाकीचे लुकलुकत असेल तर एखाद्या अ‍ॅपवर, असा संकेत आहे. माझ्याकडे सगळेच लुकलुकत होते, म्हणून ड्रायव्हर नव्याने टाकण्यात एक संध्याकाळ गेली आणि हाती काही लागले नाही. अखेर संगणकाची केबल काढून फक्त मॉनिटर सुरू केला, तेव्हा ‘सिग्नल नाही’ ही त्याची स्वतःची सूचनाही तशीच थरथरू लागली. हे सर्वांत आधी करायला हवे होते, कारण एवढ्या एका गोष्टीने संगणक, ग्राफिक्स कार्ड आणि ड्रायव्हर हे तिन्ही संशयातून सुटतात.

त्यापूर्वी एका अधिकृत सेवा केंद्राने मॉनिटर न उघडताच पॅनेल बदलावे लागेल असे सांगितले होते आणि तो खर्च नव्या मॉनिटरच्या किमतीच्या जवळ जात होता. मारुती मंदिराजवळच्या कारागिराने मात्र आधी प्रश्न विचारले. लुकलुकणे थंड असताना जास्त असते का, ब्राइटनेस कमी केल्यावर फरक पडतो का, घरातला पंप किंवा फ्रिज सुरू होताना तसे होते का, हे त्याने नीट ऐकून घेतले. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर नाही असे आल्यावर विजेच्या दाबाचा मुद्दा त्याने बाजूला ठेवला आणि माझ्यासमोरच मागचे झाकण उघडले. पॉवर बोर्डावरील दोन कपॅसिटरांची, म्हणजे वीज साठवून दाब स्थिर ठेवणाऱ्या लहान नळकांड्यांची, डोकी फुगलेली होती. अशा कपॅसिटरचा अंतर्गत रोध वाढलेला असतो आणि थंडपणी तो आणखी जास्त असतो, त्यामुळे बॅकलाइटला (पडद्यामागच्या दिव्यांना) मिळणारा दाब स्थिर राहत नाही. यंत्र तापल्यावर रोध काहीसा उतरतो आणि पडदा शांत होतो. माझ्या दहा-पंधरा मिनिटांचा उलगडा असा झाला.

मी अर्थातच खाऱ्या हवेला दोष दिला, कारण आमच्याकडे खिडकीची कडी अडकली तरी दोष खाऱ्या वाऱ्याचाच असतो. केबलच्या जोडणीवर हिरवट थर होता हे खरे आणि तो त्याने अल्कोहोलने पुसून काढला, परंतु कपॅसिटर उष्णतेने लवकर संपतात, असे त्याचे म्हणणे होते. मॉनिटरवर काही झाकून ठेवता का, असे त्याने विचारल्यावर मला कबूल करावे लागले की, खारी हवा लागू नये म्हणून मी पाठीमागून जाड प्लास्टिकचे आवरण कायमचे चढवून ठेवले होते आणि हवा खेळण्याच्या फटी त्याखाली पूर्ण बंद झाल्या होत्या. समुद्रापासून वाचवण्याच्या नादात मी त्याला चार वर्षे उकडत ठेवले होते.

दोन्ही कपॅसिटर त्याच क्षमतेचे, पण 105 अंश सेल्सिअस सोसणारे बसवले गेले आणि मजुरीसह 650 रुपये लागले. हे काम घरी करून पाहण्याचा मोह कोणी धरू नये, कारण 230 व्होल्टचा प्रवाह एकदिश झाल्यावर पॉवर बोर्डावरील मोठ्या कपॅसिटरमध्ये सुमारे 325 व्होल्ट साठतात आणि प्लग काढल्यानंतरही ते काही काळ तेथे राहू शकतात.

तक्रारी अशा की, दोन दिवसांत देतो म्हणून सांगितलेला मॉनिटर पाचव्या दिवशी मिळाला, आणि त्या काळात दोनदा केलेला फोन कोणी उचलला नाही. पावतीही मागितल्यावरच मिळाली व तिच्यावर केवळ ‘मॉनिटर दुरुस्ती’ एवढेच लिहिलेले होते. कोणते भाग बदलले आणि हमी किती, हे मी आग्रह धरून खाली लिहून घेतले. हमी तीन महिन्यांची होती. काढलेले दोन्ही कपॅसिटर त्याने न मागता कागदात गुंडाळून दिले, ही गोष्ट मला पावतीपेक्षा अधिक विश्वासाची वाटली. आज आठ महिने झाले, पडदा पहिल्या क्षणापासून स्थिर असतो आणि प्लास्टिकचे ते आवरण मी फक्त रात्री, मॉनिटर बंद करून तो निवल्यावर घालतो.