दक्षिण अमेरिकेतल्या रात्रीच्या बस: पैसे कुठे वाचवायचे आणि कुठे अजिबात नाही

लिमा ते ब्युनोस आयरेस आम्ही दोघी मैत्रिणी जवळपास सगळं बसनेच फिरलो, आणि जमेल तिथे रात्रीचीच बस पकडली, कारण हिशोब साधा, प्रवासही होतो आणि हॉस्टेलचं एका रात्रीचं भाडंही वाचतं. त्यामुळे हा रिव्ह्यू कुठल्या एका कंपनीचा नाही, एकूण बससेवेचाच आहे, आणि हात आखडून फिरणाऱ्यांसाठी आहे. रेटिंग विचाराल तर अर्जेंटिनाला साडेचार स्टार, पेरू आणि चिलीला चार, आणि बोलिव्हियाला कधी चार तर कधी एक, समोर कुठली बस येऊन उभी राहते त्यावर.

आधी सीटचं समजून घ्या, सगळी मेख तिथेच आहे. सेमी-कामा म्हणजे साधारण १४० अंश मागे जाणारी सीट, एका ओळीत चार. कामा म्हणजे १६० अंशांपर्यंत जाणारी, चांगली रुंद, आणि ओळीत तीनच, एका बाजूला जोडी नि दुसऱ्या बाजूला एकटी. अर्जेंटिनात याच्याही वरचा क्लास असतो, १८० अंश, चक्क आडवं होता येतं. डबलडेकरमध्ये कामा बहुतेक वेळा खालच्या मजल्यावर आणि सेमी-कामा वरती. आता माझी मैत्रीण पै-पैचा हिशोब वहीत लिहिणारी, तिचं म्हणणं रात्र तर काढायचीये ना, मग स्वस्तातलीच घे, आणि माझं म्हणणं असं की झोप लागली तरच ते भाडं वाचलं, नाहीतर पोचल्यावर अर्धा दिवस हॉस्टेलच्या सोफ्यावर लोळण्यात जातो आणि वर डोकेदुखीची गोळी. भांडून भांडून शेवटी एक तोडगा निघाला आणि तो मी बिनधास्त सगळ्यांना सांगते: रस्ता सरळ असेल तर सेमी-कामा, घाटाचा असेल तर कामा, आणि तीही खालच्या मजल्यावरची, कारण वळणावर वरचा मजला जास्त हेलकावतो.

हे ज्ञान आलं पेरूतल्या लिमा-कुस्को रूटवर. साधारण १,१०० किलोमीटर, वीस-बावीस तास. नाझ्कापर्यंत समुद्राकाठचं वाळवंट, रस्ता सपाट, काही म्हणजे काही त्रास नाही. नाझ्का सोडलं की बस अँडीज चढायला लागते, ४,००० मीटरच्या वर जाते, मग उतरते, परत चढते, आणि वळणं संपतच नाहीत. मी खाली कामा सीटवर होते, मैत्रीण हट्टाने वर सेमी-कामावर. अबान्कायच्या अलीकडे कधीतरी ती जिना उतरून खाली आली, हातात गाठ मारलेली प्लास्टिकची पिशवी, चेहरा पांढराफटक, आणि वहीतल्या बचतीबद्दल चकार शब्द नाही. कुस्को स्वतःच ३,४०० मीटरवर आहे, तेव्हा या बसने अशी हालत करून घेऊन तिथे उतरलात तर पहिला दिवस गेलाच समजा.

बाकी पेरूच्या चांगल्या बसमध्ये शिस्त आहे हे मान्य करावं लागेल. सामान देताना बॅगेला नंबरचा टॅग लावतात आणि त्याचा दुसरा तुकडा तुमच्याकडे देतात, तो हरवू नका, उतरल्यावर तो दाखवल्याशिवाय बॅग मिळत नाही. बऱ्याच ठिकाणी चढताना पासपोर्ट बघतात, आणि बस सुटायच्या आधी एक माणूस कॅमेरा घेऊन प्रत्येकाचा चेहरा शूट करत जातो, पहिल्यांदा विचित्र वाटतं पण ते सुरक्षेसाठी असतं. जेवणाचा डबा येतो, भात नि चिकन, ठीकठाक. शाकाहारी असाल तर स्वतःचं काहीतरी बरोबर ठेवा. सिनेमे स्पॅनिशमध्ये डब केलेले, आवाज असा की इअरप्लग हवेतच. आणि टॉयलेटच्या दारावर लिहिलेलं असतं की फक्त लघवीसाठी, ही सूचना गंमत नाही, खरंच तसंच आहे, त्यामुळे बसायच्या आधी काय खाताय त्याचा विचार करा. पासपोर्ट आणि पैशांची छोटी बॅग वरच्या रॅकवर अजिबात ठेवू नका, झोपेत तिथूनच जाते, मांडीवर ठेवा नाहीतर पट्टा पायात अडकवून खाली.

पेरूतलं पुनो ते बोलिव्हियातलं ला पास मात्र आम्ही दिवसा केलं, कोपाकाबानावरून, आणि ते तसंच करा. टिटिकाका सरोवराची तिकिनाची सामुद्रधुनी आली की सगळ्यांना बसमधून उतरवतात, माणसं छोट्या बोटीतून पलीकडे जातात आणि बस एका लाकडी तराफ्यावर चढून वेगळी येते. आपली सगळी बॅगांनी भरलेली बस पाण्यावर डुलत येताना बघणं फुकटात मिळतं, बोटीचं तिकीट तेवढं वेगळं, आम्ही गेलो तेव्हा २ बोलिव्हियानो होतं, सुटे जवळ ठेवा.

ला पासच्या टर्मिनलला काउंटरवरच्या बायका शहरांची नावं एका दमात ओरडत असतात, ओरुरो ओरुरो ओरुरो, आणि तिकिटाचा भाव सुटायची वेळ जवळ आली की खाली येतो, घासाघीस चालते. टर्मिनल वापरायचे किरकोळ पैसे वेगळे भरावे लागतात. उयुनीसाठी आम्ही एका काउंटरवर कामा घेतली, भिंतीवर फोटो झकास, हीटर आहे, टॉयलेट आहे, सगळं आहे म्हणाली. आली ती वेगळीच बस, हीटर बंद, टॉयलेटला कुलूप, खिडकीच्या फटीतून वारा, आणि उयुनी साडेतीन हजार मीटरच्या वर, तिथली हिवाळ्यातली रात्र शून्याच्या बरीच खाली जाते. कंडक्टरला विचारलं तर तो स्वतःच दोन ब्लँकेटमध्ये. दात वाजत रात्र काढली, दोघींनी एकच स्लीपिंग बॅग उघडून अंगावर घेतली. सांगायचं काय, तर बोलिव्हियात फोटोवर जाऊ नका, शक्य असेल तर आदल्या दिवशी टर्मिनलला जाऊन त्याच वेळेची बस सुटताना डोळ्यांनी बघा आणि मग पैसे द्या. आणि तिथे आंदोलनासाठी रस्ते अडवणं सर्रास चालतं, त्यामुळे निघायच्या दिवशी सरकारी रस्ते विभागाचा ऑनलाइन नकाशा बघा, कुठला रस्ता बंद आहे ते त्यात दाखवतात. बसच्या भरवशावर पुढच्या विमानाचं तिकीट तर मुळीच काढू नका.

चिलीत बस वेळेवर, स्वच्छ, पण महाग, त्यावर फार बोलण्यासारखं नाही. बोलण्यासारखी आहे ती सीमा. फळं, बिया, मध, काहीही असेल तर फॉर्मवर लिहा, लपवलंत आणि सापडलं तर दंड होतो. बोलिव्हियात राजरोस मिळणारी कोकाची पानं इथे चालत नाहीत, ती अलीकडेच संपवा नाहीतर टाकून द्या.

सांतियागो ते मेंदोसा रात्रीची बस मिळते पण घेऊ नका. हा एकच रूट असा आहे जिथे हॉस्टेलचं भाडं वाचवणं म्हणजे शुद्ध नुकसान. नंबर घातलेली एकावर एक वळणं चढत बस ३,००० मीटरच्या वर बोगद्यात शिरते, पलीकडे अर्जेंटिना, आणि हवा स्वच्छ असेल तर ६,९६१ मीटरचं अकोन्काग्वा शिखर रस्त्यावरून दिसतं. इथे सेमी-कामा, वरचा मजला, सगळ्यात पुढची सीट. घाट असूनही, हो, कारण इथे कोण झोपणारे! फक्त हिवाळ्यात बर्फाने हा रस्ता बंद पडतो, कधी कधी बरेच दिवस, तेव्हा हातात वेळ ठेवा.

मेंदोसा ते ब्युनोस आयरेस हजारेक किलोमीटर, बहुतेक सपाट मैदान. नियमाप्रमाणे सेमी-कामा घेतली, मैत्रीण खूश, आणि खरंच पोटातलं पाणी हललं नाही. उलट्या दिशेने येणाऱ्यांसाठी एक, ब्युनोस आयरेसचं रेतिरो टर्मिनल प्रचंड मोठं आहे आणि बोर्डावर एक फलाट दाखवत नाहीत, अमुकपासून तमुकपर्यंत अशी रेंज दाखवतात, तेव्हा बॅगा घेऊन त्या पट्ट्यात मध्यावर उभं राहा आणि दोघींपैकी एकीने दोन्ही टोकांना नजर ठेवा.