साग की बांबू? पेठ-सुरगाण्याच्या बांधावरचा हिशेब

नाशिक जिल्ह्यात पेठ, सुरगाण्याकडे बांधावर काही लावायचं म्हटलं की पहिलं नाव निघतं सागाचं. सरकारी पाठबळही जुनं. 1974 मध्ये वनविकास महामंडळ निघालं, त्याचा भर सागावरच. पण जमीन सरकारची, थांबायची ताकदही सरकारची. शेतकऱ्याचा साग विकण्याजोगा व्हायला वीस-पंचवीस वर्षं सहज जातात, वर 1964 च्या वृक्षतोड कायद्यानुसार तोडीची परवानगी. सातबाऱ्यावर झाडांची नोंद नसेल, तर आधी तलाठी गाठा. रोपं विकणारे कोटींचे आकडे सांगतात, हे मात्र सांगत नाहीत.

बांबूचं गणित 2017 मध्ये बदललं. तोवर 1927 च्या वन कायद्यात हे गवत चक्क झाडांत मोजलं जायचं! दुरुस्तीने वनक्षेत्राबाहेरचा बांबू त्यातून वगळला. चार-पाच वर्षांत काठी निघू लागते, पुढे दरवर्षी. गिऱ्हाईकही जवळच: दिंडोरी, गिरणाऱ्याच्या टोमॅटोवाल्यांना बांधणीला काठ्या लागतातच. कोवळे कोंब तेवढे गुरांपासून राखायचे आणि बेटातली जून काठीच काढायची.

हातात पैसा खेळता हवा असेल, तर मी बांबूच लावेन. साग कडेला असू द्या, त्याच्या भरवशावर कर्ज काढू नका.