दोन मृत्युपत्रं, दोन शिष्यवृत्त्या
ब्रिटिश उद्योगपती सेसिल ऱ्होड्स १९०२ साली वारला. त्याने मागे ठेवलेल्या पैशातून, म्हणजे बराचसा आफ्रिकेतल्या हिऱ्यांतून, ऑक्सफर्डची ऱ्होड्स शिष्यवृत्ती उभी राहिली. मुलींना ती १९७७ पर्यंत मिळतच नव्हती. वयाची अट आजही आहे, त्यामुळे संसार सांभाळून चाळिशीत शिकू पाहणाऱ्यांना दार बंदच.

ओसिओला मॅकार्टी अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातल्या हॅटिसबर्गची. आजारी मावशीपायी सहावीत शाळा सुटली, मग जन्मभर लोकांचे कपडे धुतले, इस्त्री केले. आपल्या पश्चात दीड लाख डॉलर सदर्न मिसिसिपी विद्यापीठाला मिळावेत, अशी तजवीज तिने १९९५ मध्ये केली. पैसा गरजूंच्या शिष्यवृत्तीसाठी, कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्राधान्य. याच विद्यापीठात त्यांना १९६५ पर्यंत प्रवेश नव्हता! ऱ्होड्सपुढे रक्कम किरकोळ, पण मृत्युपत्र करणाऱ्याला मी तिचाच कित्ता गिरवायला सांगेन.