८ बाय ४२ ची दुर्बीण, दोन फुलटोच्यांच्या कसोटीवर

दुर्बीण घेताना दुकानाच्या दारातून समोरच्या इमारतीवरची पाटी वाचून पाहण्याची रीत आहे. परंतु पाटी पानाआड जात नाही आणि हुबेहूब तिच्यासारखी दुसरी पाटी शेजारी येऊन बसत नाही. म्हणून नव्या ८ बाय ४२ च्या, म्हणजे आठपट मोठे दाखवणाऱ्या आणि पुढच्या भिंगाचा व्यास ४२ मिलिमीटर असलेल्या दुर्बिणीची परीक्षा मी पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये आणि सिंहगडाच्या पायथ्याच्या झाडीत, टिकेलचा फुलटोच्या आणि जाड चोचीचा फुलटोच्या या दोन पक्ष्यांवर घेतली.

पहिला जेमतेम ८ सेंटिमीटरचा, दुसरा किंचित मोठा. दोघेही मळकट रंगाचे आणि दोघेही बांडगुळाच्या फळांसाठी उंच शेंड्यांवर वावरणारे. टिकेलच्या पक्ष्याची चोच बारीक, जराशी बाकदार व फिकट गुलाबीसर असते, दुसऱ्याची आखूड व दणकट, आणि त्याच्या छातीवर पुसट रेघा असतात. (जाड चोचीच्या पक्ष्याचे शास्त्रीय वर्णन १८३३ मध्ये पक्षीअभ्यासक टिकेल यांनीच केले, नाव मात्र पहिल्याला चिकटले.) ऊन पाठीशी असताना दुर्बिणीने या रेघा स्वच्छ दाखवल्या. माझ्या जुन्या १० बाय ५० मधून पक्षी मोठा दिसे, पण हाताच्या कंपाने नेमक्या त्याच रेघा पुसल्या जात. दाट सावलीतही प्रतिमा पुरेशी उजळ राहते, कारण ४२ ला ८ ने भागल्यावर येणारा सव्वापाच मिलिमीटरचा प्रकाशझोत डोळ्याला पुरतो.

खरा दोष उजळ आभाळाच्या पार्श्वभूमीवर उघडा पडतो. पक्ष्याच्या कडेला जांभळट झालर उमटते आणि चोच फिकट आहे की गडद, हे ज्यासाठी दुर्बीण घेतली तेच कळेनासे होते. अशा वेळी मला वागणुकीचाच आधार घ्यावा लागला: जाड चोचीचा फुलटोच्या शेपूट सारखी डावीउजवीकडे हलवतो, आणि टिकेलचा पक्षी जे फळ अख्खे गिळतो, त्याची बी हा फांदीवर घासून बाजूला काढतो व गर तेवढा खातो. हे घासणे दुर्बिणीतून, झालरीसकट का होईना, स्पष्ट दिसले.

चष्मा लावणाऱ्यांना नेत्रिकेचे (डोळ्याकडच्या भिंगाचे) रबरी कडे खाली फिरवून पूर्ण दृश्य मिळते. गळ्यातला पट्टा मात्र अरुंद असून तासाभरात मानेला काचतो. तो मी दुसऱ्याच दिवशी बदलला. तळ्यावरची बदके पाहणाऱ्याने या दुर्बिणीवर खर्च करू नये, पण शेंड्यांवरच्या चिमुकल्या पक्ष्यांसाठी, सकाळी दहाच्या आत फिरणार असाल तर, ती जरूर घ्यावी.